आईला गरम वाढण्याबाबत

आमच्या आईने वयाच्या सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी मागितलं, त्यामुळे घरात पेच उभा राहिला. मागण्याची पद्धत आमच्याकडे जुनी आहे, पण ती आईकडे मागण्याची आहे. आईने मागायचं झाल्यास ते कुणाकडे, कसं आणि किती दिवस आधी मागावं, याबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं.

चूक माझीच. वाढदिवसाच्या सकाळी, ती माझ्या ताटात तिसऱ्यांदा भाजी वाढत असताना मी विचारलं, "आई, काय हवं तुला?" हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो. ती दरवर्षी "मला काय हवंय रे आता" म्हणते, आणि मी हात धुवून ऑफिसला जातो. यंदा तिने डाव भांड्यात ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाली, "एकदा मला बसवून कुणीतरी गरम गरम वाढावं. मी मधे उठायचं नाही. बास, एवढंच."

मी सरकारी नोकरीत आहे. रांगा आखणं हे माझं काम. कुठल्या खिडकीपुढे माणसांनी कसं उभं राहायचं, दोरी कुठून कुठे बांधायची, वृद्धांसाठीचा बाक किती लांब ठेवायचा, हे मी ठरवतो. आलेल्या मागणीला 'नाही' म्हणायचं नसतं, तिला प्रक्रियेत घालायचं असतं, हे मी तेवीस वर्षांत शिकलो आहे. म्हणून मी त्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर बैठक बोलावली. बैठकीला मी, बायको आणि आमची बारा वर्षांची कन्या असे तिघे हजर होतो. आई आत होती, कारण बैठक म्हटलं की चहा लागतो.

"आपणच वाढूया की आजीला," कन्या म्हणाली. "आजच वाढूया."

लहान मुलांना वाटतं, प्रश्न सोपे असतात. बायको विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात आहे, त्यामुळे कुठल्याही चांगल्या गोष्टीतली अडचण तिला चटकन दिसते. ती म्हणाली, "वाढायला कुणाचीच ना नाही. पण वाढायच्या आधी ते शिजवावं लागतं. ते कोण शिजवणार?"

आम्ही तिघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं. आईनेच शिजवायचं, मग तिला बसवायचं, मग आम्ही पातेली शोधायची, पातेली कुठे असतात हे तिलाच विचारायचं, तोवर सगळं गार होणार, आणि गार झालं की गरम करायला तीच उठणार. म्हणजे मागणीतली तिन्ही कलमं एकाच दुपारी निकालात निघणार. एवढं मोठं शहर आहे, शहरात हजारो हॉटेलं आहेत, तिथे माणसं पगार घेऊन वाढायला उभी असतात, मग आपण कशाला हात पोळून घ्यायचे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. चहा घेऊन बाहेर आलेल्या आईला तो कळवण्यात आला.

"बाहेर कशाला रे," ती म्हणाली. पण केसांना तेल लावायला गेली. तिला फार आनंद झाला होता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पहिलं हॉटेल मी नामांकित निवडलं. अकरावा मजला, चहूकडे काचा, आणि काळ्या कपड्यांतले वाढपी, जे चालताना पावलं वाजू देत नाहीत. आईला मधोमध बसवलं. सूप आलं. त्यावरून वाफ निघत होती. आईने चमचा उचलला.

"मॅडम, एक क्षण," वाढपी म्हणाला. त्या हॉटेलात पदार्थ नुसता ठेवून जाण्याची परवानगी नव्हती, त्याची माहितीही द्यावी लागे. त्याने सुपातल्या अळिंबीचं गाव सांगितलं, ती खुडणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं, पाणी कुठल्या डोंगरावरचं तेही सांगितलं. आई चमचा हातात धरून ऐकत होती. म्हातारा आजारी असतो, असं ऐकल्यावर तिने "अरेरे" म्हटलं. त्यामुळे त्याला हुरूप आला आणि तो म्हाताऱ्याच्या सुनेकडे वळला.

तो संपला तेव्हा बायको म्हणाली, "आई, आता एकच मिनिट हं, हात नका लावू." ती कुठलंही ताट आधी फोनला दाखवते आणि मग माणसाला. उजेड नीट येईना, म्हणून वाढप्याने छोटा दिवा आणून धरला. ती हॉटेलचीच सोय होती. वरून एक फोटो झाला, बाजूने एक झाला, मग आईने चमचा उचलतानाचा एक झाला. तो हलल्यामुळे तिने चमचा आणखी चार वेळा उचलला. तोवर सुपावर साय धरली होती.

"जरा गरम करून मिळेल का?" आईने वाढप्याला हळूच विचारलं.

"मॅडम, हे सूप आमच्या आचाऱ्यांनी कोमटच कल्पिलेलं आहे."

आईने कोमट सूप प्यायलं आणि "छान होतं हो" असं त्यालाच सांगितलं. घरी परतताना मी हिशेब मांडला. बसवलं होतं, ती उठलीही नव्हती, फक्त 'गरम' या कलमाची पूर्तता राहिली होती. म्हणजे काम बरंचसं झालेलं होतं. बायकोच्या फोटोखाली तीनशे जणांनी 'किती गोड सासूबाई' असं लिहिलं, तेही जमेला धरायला हरकत नव्हती.

दुसऱ्या रविवारी मी फक्त 'गरम' या मुद्द्यावर लक्ष दिलं. चौकशी करकरून असं हॉटेल काढलं, जिथे पदार्थ लोखंडी हंड्यांत उकळतच टेबलावर येतो. लांबच लांब लाकडी टेबलं, आणि अनोळखी लोक शेजारी शेजारी बसलेले. आमच्यापुढे रटरटणारा हंडा आला, त्यात लांब दांड्याचा डाव आला, आणि आणणारा माणूस निघाला.

"वाढणार कोण?" मी विचारलं.

"आमच्याकडे वाढपी नसतात, सर. वाढण्याचा आनंद आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. एकदम घरच्यासारखं."

तो खोटं बोलला नाही. डावाचा दांडा आईच्या बाजूला होता, तिने तो उचलला आणि पुढचं सगळं घरच्यासारखंच झालं. तिने आधी कन्येला वाढलं, मग मला, मग बायकोला. मग मला पुन्हा. शेजारी दोन तरुण बसले होते, कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करणारे. त्यांचा हंडा वेगळा होता; पण चांगलं वाढणारा हात माणसाला लांबूनही ओळखू येतो. त्यांनी आपला हंडाच आमच्याकडे सरकवला.

"आजी, जरा इकडेपण."

आजीने तिकडेपण वाढलं. एक जण "बस बस" म्हणाला, तर तिने आणखी एक डाव घातला, आणि तो इतका खूश झाला की त्याने आपल्या आईला फोन लावला आणि बोलता बोलता दुसऱ्या हाताने ताट पुढे केलं. आईपर्यंत हंडा आला तेव्हा त्यात तळाची खरवड उरली होती.

"अगं, दुसरा मागवू," मी म्हणालो.

"कशाला? मला आवडते खरवड," ती म्हणाली, आणि हंडा तिरका करून तिने ती खाल्ली. लहानपणापासून मला हे माहीत आहे. कुणाला मऊ भात आवडतो, कुणाला भाजीतला मोठा बटाटा आवडतो, आईला खरवड आवडते. माणसामाणसाची आवड वेगळी असते.

पण मागणी प्रलंबित राहिली होती, आणि प्रलंबित गोष्ट मला झोप लागू देत नाही. तिसऱ्या रविवारी मी मुळावर घाव घालायचं ठरवलं. पदार्थ स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत येतो म्हणून तो गार होतो, तर चूलच टेबलावर असलेलं हॉटेल का शोधू नये? असं हॉटेल तीन गल्ल्या पलीकडेच निघालं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध जाळी, जाळीखाली निखारे, वर धूर ओढणारं नळकांडं. टेबलाला एक खुर्ची पाठ असलेली होती, बाकीची नुसती स्टुलं होती. आम्ही अर्थातच आईला पाठ असलेल्या खुर्चीवर बसवलं.

"या खुर्चीवरच्या पाहुण्यांना आम्ही टेबलप्रमुख म्हणतो," व्यवस्थापक म्हणाला आणि त्याने आईच्या गळ्यात एप्रन घातला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. कच्चे मासे, भाज्यांच्या चकत्या आणि चिमटा आईपुढे ठेवण्यात आला, तेव्हा टेबलप्रमुखाचं काम काय असतं हे लक्षात आलं. पण मान दिल्यावर तो परत घेणं बरं दिसत नाही. आईने भाजायला सुरुवात केली. पलीकडच्या टेबलावर एका गृहस्थांचा मासा करपत होता. आईला करपल्याचा वास सहन होत नाही. ती दोन मिनिटं कशीबशी बसली, मग उठली, त्यांचा निखारा मागे ओढून आली. मग खिडकीजवळच्या टेबलावरून हाक आली. तासाभरात ती चार टेबलं सांभाळत होती, आणि मी आणि बायको आमच्या जाळीपाशी "आई, उलटवू का गं?" असं ओरडून विचारत होतो.

कन्या तेवढी आजीच्या रिकाम्या ताटाकडे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, आजीने काहीच खाल्लं नाही."

"तिला आवडतंय ते," मी म्हणालो. "बघ कशी रमली आहे."

आम्ही निघालो तेव्हा व्यवस्थापक दारापर्यंत पोचवायला आला. माझ्या बाजूला सरकून म्हणाला, "साहेब, यांना तुम्ही 'माउली'मध्ये का नेत नाही? आमच्याच मालकांचं आहे. तिथे सगळा स्वयंपाक आया करतात. खऱ्या आया, पगारी आचारी नाहीत. वाढायला माणसं आहेत. बसायचं आणि जेवायचं."

मला तो देवासारखा भेटला. दुसऱ्याच्या आईने शिजवायचं, पगारी माणसाने गरम वाढायचं, आणि आपल्या आईने बसून खायचं. तिन्ही कलमं एका छताखाली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, कारण तीन रविवार बाहेर खाऊन आमची पोटं बिघडली होती आणि आईला रोज आमच्यासाठी मऊ भात वेगळा करावा लागत होता.

चौथ्या रविवारी साडेबाराला आम्ही 'माउली'पुढे पोचलो. रांग गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. रांग मात्र उत्तम आखलेली होती, दोरीचे खांब योग्य अंतरावर होते. मी बायकोला ते दाखवलंही. तीन तास लागतील असं पाटीवर लिहिलं होतं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

वीसएक मिनिटांत हातात यादी घेतलेली एक बाई बाहेर आली. ती तिथली मुख्य व्यवस्थापिका होती. तिने घसा साफ केला.

"आमची चार नंबरची आई आज आलेली नाही. तिच्या मुलाला ताप आहे. रांगेत कुणाकडे आई आहे का? चालू स्थितीतली? दोन तासांचं काम आहे. त्या कुटुंबाला टेबल ताबडतोब मिळेल."

मग रांगेतल्या बारा-तेरा जणांनी आपापल्या आईचा हात वर केला. मी आमच्या आईचा जरा आधी केला होता. रांगेचा अनुभव कामाला येतो.

आई माझ्याकडे वळली. "आज मी बसणार होते ना रे?"

"अगं बसायचंच आहे की. पण बसायला टेबल लागतं, आणि टेबलाला तीन तास आहेत. तू आत गेलीस तर आत्ता मिळतं. मग तू आलीस की तूही बसशील."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी निकाल दाखवताना पाहायची. मला तेव्हा वाईट वाटलं. ते मी इथे नोंदवून ठेवतो. मग ती "बरं" म्हणाली आणि पदर खोचून आत गेली.

आत जाण्यापूर्वी अर्ज भरावा लागला. मातृत्वाचा पुरावा म्हणून अपत्य सोबत जोडायचं होतं. मला जोडण्यात आलं, माझ्या मनगटावर शिक्का मारण्यात आला. "अपत्य वापरात आहे का?" या रकान्यात बायकोने 'अंशतः' असं लिहिलं. शेवटी एक तोंडी परीक्षा होती. व्यवस्थापिकेने विचारलं, "चार माणसांच्या भाजीला मीठ किती?"

"अंदाजाने," आई म्हणाली.

व्यवस्थापिकेने बरोबरची खूण केली.

आम्हाला खिडकीजवळचं टेबल मिळालं. वाढप्याने गरम भात वाढला, त्यावर गरम भाजी वाढली, हवं-नको विचारलं. बायकोला फोटो काढायचंही सुचलं नाही. "घरी असं होतच नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. घरी आपण फोन बघत जेवतो, त्यामुळे चव कळत नाही. मी तीनदा भाजी घेतली.

"ही आजीने केली आहे," कन्या म्हणाली.

"कशावरून? आत सहा आया आहेत."

"मला कळतं," ती म्हणाली आणि तिने घास खाली ठेवला. मी तिला सांगितलं की ताटात टाकायचं नाही.

जेवण झाल्यावर अभिप्रायाचा कागद आला. मी असे कागद कधी कोरे परत करत नाही. 'चव उत्तम. मीठ किंचित जास्त. सुधारणेस वाव आहे,' असं लिहून मी सही केली. तीन वाजले. आई काही बाहेर येईना. तिची खुर्ची आम्ही आमच्या पिशव्या ठेवून राखली होती, पण वाढपी आता ते टेबल मागत होता. म्हणून मी तिला आणायला आत गेलो.

स्वयंपाकघरात सगळ्या शेगड्या बंद होत्या. मधल्या लांब टेबलाभोवती सहा बायका बसल्या होत्या. आमची आई दाराकडे तोंड करून पाठीच्या खुर्चीवर बसली होती, आणि तिच्या पायातल्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. तिथल्या मुख्य आचाऱ्याचा एक नियम होता: पहिली पंगत उठली की शेगड्या बंद, आणि ज्यांनी शिजवलं त्यांना तो स्वतः वाढणार. बाहेर रांग कितीही असो. तो दांडगा, टकला, घामाघूम झालेला माणूस हातात पातेलं घेऊन आईच्या शेजारी वाकून उभा होता. पातेल्यातून वाफा येत होत्या.

"ताई, आणखी थोडं?"

"अर्धा डाव," आई म्हणाली. मग म्हणाली, "नाही, पूर्णच घाला."

आईला स्वतःसाठी काही मागून घेताना मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. वाढदिवसाची ती मागणी सोडली तर. ती भरभर जेवतही नव्हती. घास घ्यायची, चावायची, शेजारणीचं बोलणं ऐकून हसायची.

"आई, चल," मी म्हणालो. "सगळे खोळंबलेत."

तिने वर पाहिलं. ताटातला पुढचा घास तिने आधी कालवून घेतला.

"थांब जरा," ती म्हणाली. "माझं जेवण व्हायचंय."

मी थांबलो. उभं राहण्यासाठी तिथे कुठलीही खूण आखलेली नव्हती, त्यामुळे नेमकं कुठे थांबायचं ते मला कळेना. मी भांडी ठेवण्याच्या फळीपाशी उभा राहिलो. आचारी म्हणाला, "साहेब, तिथे नको, वाटेत येताय." मग मी दाराबाहेर गेलो.

सोमवारी सकाळी आईने डबे भरले, साडी बदलली आणि आठवड्याचे पाच दिवस आपण 'माउली'त जाणार असल्याचं सांगितलं. चार नंबरच्या आईने मुलाच्या तापामुळे काम सोडलं होतं.

"या वयात नोकरी?" मी म्हणालो. "लोक काय म्हणतील? तुला इथे काय कमी आहे?"

"काही कमी नाही रे," आई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

त्यानंतर घरात पुन्हा बैठक झाली, पण चहा नसल्याने ती लवकर संपली. मी 'माउली'च्या मालकांना रीतसर पत्र लिहिलं, की आमच्या घरातलं एक पद त्यांच्यामुळे रिक्त झालं आहे. उत्तर आलं, की त्या पदाचा पगार, सुट्टी आणि जेवणाची वेळ कळवल्यास ते उमेदवार सुचवू शकतील. ही माहिती आमच्याकडे नव्हती. बायकोने पुस्तक आणून भात शिकायला घेतला आहे. कन्येला तो तिच्याआधी जमला. पातेली कुठे असतात ते आता मला माहीत आहे.

आम्ही महिन्यातून एकदा 'माउली'त जेवायला जातो. तीन आठवडे आधी नाव नोंदवावं लागतं. मी सख्खा मुलगा असल्याचं सांगून पाहिलं. "साहेब, इथे येणारे सगळे मुलगेच असतात," व्यवस्थापिका म्हणाली आणि तिने मला रांगेचं टोक दाखवलं.

जागा खरोखर चांगली आहे. वाढपी नम्र आहेत, अन्न ताजं असतं, रांगेला सावली आहे. तुम्हीही घरच्यांना घेऊन एकदा जरूर जाऊन या. फक्त आईला सोबत नेऊ नका. तिथे तिला वाढतात.